स्वभाव, विकार आणि साक्ष : व्यक्तिमत्त्वविकाराच्या परीक्षणाचा इतिहास व त्यातील कुटुंबाचे स्थान

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण मराठी भाषकांच्या नित्य परिचयाची आहे. तिचा उपयोग बहुधा दोन प्रसंगी होतो. घरातील एखादी व्यक्ती क्षुल्लक कारणावरून वारंवार संतापते, जिव्हाळ्याच्या नात्यांतही टोकाला जाते किंवा कोणाशीच जमवून घेऊ शकत नाही, तेव्हा घरचे लोक या म्हणीने स्वतःची समजूत घालतात. आणि कधी ती व्यक्तीही आपल्या वागण्याची सबब म्हणून तिचाच आश्रय घेते. दोन्ही प्रसंगी म्हणीत एक वैद्यकीय स्वरूपाचे विधान गृहीत धरलेले असते. स्वभाव हा रोग नव्हे, आणि म्हणून त्याला उपचार नाही, हे ते विधान होय. गेल्या दोन शतकांत मानसवैद्यकाने या विधानाच्या दोन्ही अंगांची फेरतपासणी केली. काही व्यक्तींच्या बाबतीत स्वभावाची ठेवण इतकी ताठर व दुःखदायक असते की तिला विकार म्हणणेच योग्य ठरते, हा त्या तपासणीचा पहिला निष्कर्ष. आणि त्या विकारावर उपचार होऊ शकतात, हा दुसरा. पहिल्या निष्कर्षापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यास दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. या मधल्या काळात पहिला निष्कर्ष एकटाच वावरत राहिला, आणि त्याने पुष्कळांची हानी केली.

या इतिहासाकडे अनेक दृष्टींनी पाहता येईल. येथे त्यातील एकच धागा हाती घेतला आहे. एखाद्याच्या स्वभावाविषयी निर्णय करावयाचा तर कोणाची साक्ष घ्यावयाची, आणि घेतलेल्या साक्षीचा उपयोग कशासाठी करावयाचा, हा तो धागा होय. वैद्य, रुग्ण आणि कुटुंब या तिघांचे परस्परसंबंध त्यावरूनच ठरत आले आहेत.

१. 'लक्षण' या शब्दाची दोन अंगे

माणसांच्या स्वभावांचे वर्ग पाडण्याची हौस प्राचीन आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील ग्रीक पंडित थिओफ्रास्टस याने तीस स्वभावनमुन्यांची शब्दचित्रे रेखाटली. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सत्त्वाचे, म्हणजे मनाच्या ठेवणीचे, सोळा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी सात सात्त्विक, सहा राजस व तीन तामस होत. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, चरकसंहितेत उन्मादाचे विवेचन याहून निराळ्या ठिकाणी, निदानस्थानात व चिकित्सास्थानात येते. मनाची ठेवण हा एक विषय आणि मनाचा रोग हा दुसरा विषय, अशी ही वाटणी होती. समर्थ रामदासांच्या दासबोधातील दुसऱ्या दशकात मूर्खाची आणि पढतमूर्खाची लक्षणे दिली आहेत. त्यांचा हेतू वैद्यकीय नव्हे, उपदेशपर आहे. श्रोत्याने ती लक्षणे स्वतःच्या ठायी ओळखावी व त्यांचा त्याग करावा, हे त्या समासांचे प्रयोजन होय.

मराठीतील 'लक्षण' हा शब्द या दोन्ही परंपरांत वावरला आहे. ताप, खोकला ही रोगाची लक्षणे; आणि 'त्याचे लक्षण काही ठीक दिसत नाही' असे म्हणताना अभिप्रेत असते ते चारित्र्य. वैद्याच्या तोंडी हा शब्द केवळ खुणेचा वाचक आहे, तर शेजाऱ्याच्या तोंडी तो दूषणाचा वाचक होतो. शरीराच्या रोगांच्या बाबतीत हा दुहेरीपणा फारसा बाधत नाही. परंतु ज्या विकाराची लक्षणे म्हणजे वागणूकच असते, त्याच्या बाबतीत वैद्याचा शब्द शेजाऱ्याच्या शब्दात केव्हा मिसळून जाईल याचा नेम नसतो. हा प्रश्न केवळ मराठीचा नाही. ज्या युरोपीय भाषांतून ही संकल्पना घडली, त्यांनाही तो चुकला नाही.

२. नावांचा प्रवास

फ्रेंच वैद्य फिलिप पिनेल याने १८०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भ्रमाशिवायच्या उन्मादाचे वर्णन केले. या रुग्णांची बुद्धी शाबूत होती; त्यांना भास होत नव्हते, त्यांची विचारशक्ती ढळली नव्हती; तरीही आवेगाच्या भरात ते विध्वंसक वागत. वेड म्हणजे बुद्धिभ्रंश, या तत्कालीन समजुतीला यामुळे तडा गेला. १८३५ मध्ये ब्रिस्टल येथील वैद्य जेम्स कौल्स प्रिचर्ड याने याच दिशेने पुढे जाऊन 'मॉरल इन्सॅनिटी' ही संज्ञा रूढ केली. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना प्रिचर्डचे नाव निराळ्या कारणाने परिचित आहे. केल्टिक भाषांचे संस्कृत, ग्रीक, लॅटिन इत्यादी भाषांशी असलेले नाते दाखविणारा त्याचा ग्रंथ १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. शब्दांच्या कुळांचा असा शोध घेणाऱ्या या पंडिताने योजिलेल्या संज्ञेच्या वाट्याला मात्र विपरीत अर्थान्तर आले. त्याच्या काळच्या इंग्रजीत 'मॉरल' या विशेषणाचा अर्थ बुद्धीहून भिन्न असे जे भावना व वृत्ती यांचे क्षेत्र, त्याच्याशी संबंधित, असाही होता. पुढे तो अर्थ मागे पडला, 'नैतिक' हा अर्थ उरला, आणि भावनांच्या विकाराचे नाव अनीतीचे नाव म्हणून वाचले जाऊ लागले.

हे अर्थान्तर ग्रंथांपुरते मर्यादित राहिले नाही. इंग्लंडमध्ये १९१३ च्या कायद्याने मनोदुर्बलांचे जे वर्ग केले, त्यांत नैतिक दृष्ट्या मंद असलेल्यांचा एक स्वतंत्र वर्ग होता, आणि त्या वर्गात घातलेल्या व्यक्तीला संस्थेत डांबून ठेवता येत असे. तत्पूर्वी, १८९१ पासून, जर्मन वैद्य कोख याने 'सायकोपॅथिक' हे विशेषण रूढ केले होते. त्याच्या जोडीला त्याने न्यूनत्वाचा वाचक असलेला शब्दही ठेवला होता. १९२३ मध्ये कुर्ट श्नायडर याने या न्यूनत्वाच्या कल्पनेला बाजूला सारले. सरासरीपासून दूर गेलेली व्यक्तिमत्त्वे अनेक असतात, त्यांत श्रेष्ठ माणसेही येतात. त्यांपैकी जी स्वतः आपल्या वेगळेपणामुळे दुःख भोगतात, किंवा ज्यांच्यामुळे समाजाला दुःख भोगावे लागते, तेवढीच वैद्यकाच्या कक्षेत येतात, अशी त्याची मांडणी होती. त्याने असे दहा प्रकार वर्णिले. या व्याख्येतील पहिला अर्धा भाग, म्हणजे स्वतःला भोगावे लागणारे दुःख, हा पुढील अर्धशतकात वारंवार विसरला गेला आणि दुसरा अर्धा तेवढा लक्षात राहिला. 'सायकोपॅथ' हा शब्द व्यवहारात शिवीसारखा वापरला जातो, याचे मूळ या विस्मरणात आहे.

'बॉर्डरलाइन' या संज्ञेची कथा याहून वेगळी आहे. १९३८ मध्ये अमेरिकन मनोविश्लेषक अडोल्फ स्टर्न याने, ज्यांना ना मज्जाविकृतीच्या वर्गात घालता येते ना तीव्र मनोविकाराच्या, अशा रुग्णांसाठी हा शब्द योजिला. तो सीमेचा शब्द होता. रुग्णाविषयी काही सांगण्यापेक्षा वर्गीकरणाची अडचण तो अधिक सांगत होता. पुढे ती सीमारेषाच पुसली गेली. मज्जाविकृती हा वर्ग मानसवैद्यकातून गेला, परंतु सीमेचे नाव मात्र राहिले. मराठीत त्याचे 'सीमावर्ती व्यक्तिमत्त्वविकार' असे भाषांतर होते, तेव्हा नवख्या वाचकास साहजिकच प्रश्न पडतो, की सीमा कशाची? त्याचे उत्तर आज इतिहासातच सापडते.

३. निवाड्याकडून परीक्षणाकडे

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्वभावविकाराचे निदान मुख्यतः एका वैद्याच्या मतावर अवलंबून होते. त्या मताला मापनाची जोड देण्याचे प्रयत्न झाले. १९४३ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील हॅथवे व मॅकिन्ली यांची बहुअंगी प्रश्नावली प्रसिद्ध झाली. अमेरिकन मानसवैद्यक संघटनेच्या वर्गीकरणग्रंथाची पहिली आवृत्ती १९५२ मध्ये निघाली; परंतु तीत व पुढील आवृत्तीत दिलेली वर्णने संक्षिप्त होती, आणि दोन वैद्यांचे निदान जुळेलच अशी खात्री नव्हती. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीने प्रत्येक विकारासाठी निश्चित निकष घालून दिले, व्यक्तिमत्त्वविकारांना स्वतंत्र अक्षावर स्थान दिले आणि असे अकरा विकार गणले. बॉर्डरलाइन विकाराला अधिकृत स्थान मिळाले ते याच आवृत्तीत.

निकष आले, तसे त्यांचा तपास करण्याची रीतही ठरवावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने अशी एक आंतरराष्ट्रीय मुलाखतपद्धती तयार झाली. ११ देशांतील १४ केंद्रांवर ७१६ रुग्णांच्या मुलाखती घेऊन तिची कसोटी पाहण्यात आली, आणि तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. आशियातील केंद्रांत बंगळूरचाही समावेश होता. या पद्धतीतील दोन अटी महत्त्वाच्या आहेत. एखादी वागणूक किमान पाच वर्षे टिकून असली तरच ती स्वभावाचा भाग म्हणून धरावयाची. आणि त्या विकाराची निदान एक खूण तरी वयाच्या पंचविशीपूर्वी दिसून आलेली असावयास हवी. या अटींचा आशय असा की, संकटाच्या काळातील माणसावरून त्याच्या स्वभावाचा निवाडा करू नये. नोकरी गमावलेला, नुकताच घटस्फोट झालेला किंवा घरात मृत्यू पाहिलेला माणूस त्या काही महिन्यांत जसा वागतो, तसाच तो आयुष्यभर आहे असे मानणे अन्यायाचे होय.

आज कोणी अशा परीक्षणासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे वा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाकडे गेले, तर काय घडते, हे या इतिहासाच्या प्रकाशात नीट समजते. परीक्षण बहुधा एका बैठकीत संपत नाही. प्रथम जिवाला धोका आहे काय, आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करण्याची प्रवृत्ती आहे काय, याची चौकशी होते. कारण तसे असल्यास सुरक्षिततेची व्यवस्था आधी आणि निदान नंतर, असा क्रम असतो. त्यानंतर स्वभावविकारासारखे भासणारे इतर विकार वगळावे लागतात. नैराश्य, द्विध्रुवीय विकार, व्यसन, डोक्याला झालेली दुखापत, थायरॉइड ग्रंथीचा बिघाड यांमुळेही माणसाचे वागणे पालटते. यासाठी शारीरिक तपासणी व काही वेळा रक्ततपासणीही सांगितली जाते, आणि त्यात नवल मानण्याचे कारण नाही. पुढील बैठकांत बालपण, शाळा, मैत्री, नोकरी, विवाह, राग, एकटेपण यांविषयी विस्ताराने विचारले जाते. लहानपणी झालेल्या अत्याचाराविषयीही प्रश्न येऊ शकतो. त्याचे उत्तर त्याच दिवशी दिले पाहिजे असे बंधन नसते. प्रश्नावली भरून घेतली जाते, परंतु केवळ तिच्या गुणांवरून निदान करावयाचे नसते. अखेरची बैठक निष्कर्ष समजावून सांगण्याची असते, आणि ती मागण्याचा रुग्णाला अधिकार आहे.

१ जानेवारी २०२२ पासून अंमलात आलेल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणाने या परीक्षणाचा रोखच बदलला. जुन्या नावांची यादी बाजूला ठेवून त्याने प्रथम विकाराची तीव्रता विचारण्यास सांगितले. ही तीव्रता सौम्य, मध्यम की गंभीर, हे दोन गोष्टींवरून ठरते : व्यक्तीला स्वतःविषयी स्थिर व वास्तव जाणीव राखता येते काय, आणि इतरांशी नाते जोडून टिकविता येते काय. ही अडचण साधारणपणे दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ टिकलेली असावी लागते. त्यानंतर हवे तर स्वभावाचे ठळक विशेष नोंदवावयाचे. बॉर्डरलाइनचा उल्लेखही एक पुरवणी म्हणून राखला आहे. 'हा माणूस कोणत्या जातीचा' या प्रश्नाची जागा 'या माणसाला कोठे व किती अडते' या प्रश्नाने घेतली आहे. श्नायडरच्या व्याख्येतील विसरलेला अर्धा भाग अशा रीतीने सुमारे एका शतकानंतर पुन्हा अग्रभागी आला.

४. आरोपी, साक्षीदार, सोबती

परीक्षणात कुटुंबाला विचारावे काय? स्वभाव ही अशी वस्तू आहे की, तिचे दर्शन ज्याचे त्याला पूर्णपणे होत नाही. माणसाने स्वतःविषयी सांगितलेली हकीकत आणि निकटच्या माणसांनी त्याच्याविषयी सांगितलेली हकीकत यांचा मेळ बेताचाच बसतो, असे अभ्यासांतून वारंवार आढळले आहे. यावरून दोहोंपैकी एक खोटी आहे असे सिद्ध होत नाही. आईला मुलीचा संताप दिसतो. त्यापूर्वीची भीती मुलीलाच ठाऊक असते. म्हणून रुग्णाच्या संमतीने आईवडील, पती वा पत्नी, भावंडे यांपैकी कोणाला तरी भेटण्याची पद्धत पडली. त्यांना वागणुकीविषयीचे मत विचारण्यापेक्षा प्रसंग विचारले जातात : हे केव्हापासून आहे, कशाने वाढते, कशाने निवळते, आणि बरे दिवस कसे असतात.

परंतु साक्षीदाराच्या या स्थानावर येण्यापूर्वी कुटुंबाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले होते. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांच्या लेखातून छिन्नमनस्कता 'निर्माण करणाऱ्या' मातेची कल्पना पुढे आली, आणि पुढील दोन-तीन दशके मनोरुग्णांच्या अनेक मातांना वैद्याच्या खोलीत दोषी म्हणूनच प्रवेश मिळाला. या कल्पनेला पुराव्याचा आधार मिळाला नाही. परंतु तिने लावलेला कलंक पुराव्याअभावी लगेच पुसला गेला नाही. मार्शा लिनेहान यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात बॉर्डरलाइन विकाराची मीमांसा करताना दोन घटक मांडले : जन्मतः तीव्र असलेली भावनाशीलता, आणि त्या भावना पदोपदी अमान्य करणारे भोवतालचे वातावरण. यातील दुसरा घटक तेवढा उचलून जुनाच आरोप पुन्हा करणे सोपे होते. वस्तुतः लिनेहान यांचा भर दोहोंच्या परस्परक्रियेवर होता. अतिशय भावनाशील मूल सामान्य घरालाही गोंधळात टाकते, आणि गोंधळलेले घर त्या मुलाला अधिक एकटे पाडते. यात खलनायक कोणीच नसतो. लिनेहान यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीची पहिली नियंत्रित चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली होती. आपण स्वतः तरुणपणी अशाच यातनांतून गेलो व रुग्णालयात राहिलो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले.

कुटुंबाच्या वागण्याचा रुग्णावर काय परिणाम होतो, याचे शास्त्रशुद्ध संशोधन लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. घरच्यांची सततची टीका, वैरभाव आणि भावनिक अतिगुंतणूक यांमुळे छिन्नमनस्कतेचे रुग्ण पुन्हा आजारी पडण्याचा संभव वाढतो, असे १९७२ च्या त्यांच्या अभ्यासात दिसून आले. हाच नियम व्यक्तिमत्त्वविकारालाही लागू असेल असे गृहीत धरले जाणे स्वाभाविक होते. १९९९ मध्ये हूली व हॉफमन यांनी बॉर्डरलाइन विकाराच्या ३५ रुग्णांचा एक वर्ष पाठपुरावा केला, तेव्हा उलटच चित्र दिसले : ज्या घरांत भावनिक गुंतणूक अधिक होती, त्या घरांतील रुग्णांची प्रकृती अधिक चांगली राहिली. अभ्यास लहान होता. त्यावरून सर्वसामान्य सिद्धान्त काढता येणार नाही. तरीही, 'तुम्ही फार जवळ जाऊ नका' हा घरच्यांना सरसकट दिला जाणारा सल्ला तपासून पाहिला पाहिजे, एवढे त्याने निश्चित दाखविले.

याच काळात पेरी हॉफमन व अलन फ्रुझेटी यांनी अमेरिकेत घरच्या लोकांसाठी बारा आठवड्यांचा एक अभ्यासक्रम आखला. प्रशिक्षण घेतलेले कुटुंबीय तो इतर कुटुंबीयांना शिकवितात. विकाराची माहिती, स्वतःच्या भावना आवरणे, समोरच्याची भावना आधी मान्य करून मग मतभेद सांगणे, ही त्याची मुख्य अंगे होत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, हा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचा मानसिक भार व शोक कमी झाला आणि परिस्थिती हाताळण्याचा विश्वास वाढला. येथे मदत मिळाली ती घरच्यांना, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कुटुंब हे उपचाराचे साधन आहे, तसेच तेही एक दुःख भोगणारे माणसांचे घर आहे, हे इतक्या स्पष्टपणे पूर्वी मान्य झालेले नव्हते.

भारतात कुटुंबाला रुग्णालयाच्या आवारात आणण्याची परंपरा जुनी आहे. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांसह त्यांच्या आप्तांची राहण्याची सोय केली. वेल्लोर येथेही १९५७ पासून नातेवाइकांसह उपचाराची पद्धत रुजली. महाराष्ट्रात ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था १९९० मध्ये, आणि पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन १९९७ मध्ये सुरू झाली. यांतील बराचसा अनुभव तीव्र मनोविकारांचा आहे; व्यक्तिमत्त्वविकाराच्या कुटुंबीयांसाठी त्याचा उपयोग करताना एक भेद पाळावा लागतो. तीव्र मनोविकारात 'तो आजारी आहे' हे घरच्यांना निदानानंतर बहुधा पटते. व्यक्तिमत्त्वविकारात मात्र 'तो मुद्दाम करतो' ही समजूत निदानानंतरही बराच काळ टिकते, आणि आधारगटाचे निम्मे काम ती समजूत सैल करण्याचे असते.

घरच्यांनी काय अपेक्षावे, याचे उत्तर यातून मिळते. त्यांना ऐकून घेतले जाईल; परंतु रुग्णाने विश्वासाने सांगितलेले सर्व त्यांना सांगितले जाणार नाही. संकटाच्या प्रसंगी कोणाला बोलवावयाचे, घरातील कोणत्या वस्तू दूर ठेवावयाच्या, हे आधीच लेखी ठरविले जाईल. आत्महत्येची भाषा ही केवळ धमकी मानून दुर्लक्षिता येणार नाही. अशा वेळी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक उपयोगी पडतो. आणि त्यांनाही विश्रांतीचा, मर्यादा घालण्याचा व स्वतःसाठी मदत मागण्याचा अधिकार राहील.

५. तीच साक्ष, दुसरे स्थान

कुटुंबाची साक्ष वैद्याच्या खोलीत दिली जाते, तशी ती न्यायालयातही दिली जाते. आणि तेथे तिचा हेतू पालटतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने घटस्फोटाचे कारण म्हणून मानसिक विकाराची जी व्याख्या आली, तीत 'सायकोपॅथिक डिसऑर्डर' हा शब्द आहे. असाधारण आक्रमक किंवा गंभीर बेजबाबदार वर्तनात परिणत होणारा मनाचा दीर्घकालीन विकार, असा त्याचा आशय. ही शब्दरचना इंग्लंडच्या १९५९ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील व्याख्येशी जवळजवळ शब्दशः जुळते. भेद आहे तो शेवटच्या उपवाक्यात. इंग्रजी व्याख्येत त्या विकारास वैद्यकीय उपचाराची गरज असली पाहिजे किंवा तो उपचाराला प्रतिसाद देणारा असला पाहिजे, अशी अट होती. भारतीय कायद्यात त्या ठिकाणी, उपचाराची गरज असो वा नसो, तो उपचाराला प्रतिसाद देवो वा न देवो, असे शब्द आले. इंग्रजी कायद्याचे प्रयोजन रुग्णाला उपचाराखाली आणण्याचे होते. विवाहविषयक कायद्याचे प्रयोजन दुसऱ्या पक्षाला सोडवणूक देण्याचे आहे. म्हणून हा पालट हेतूला धरून आहे. परंतु उपचाराशी असलेले नाते तुटले, की वैद्यकीय संज्ञा केवळ दोषारोपाची संज्ञा उरते. इंग्लंडने २००७ मध्ये हा वर्गच कायद्यातून काढून टाकला. मूळ घर मोडले, तरी उसना गेलेला शब्द भारतीय विवाहकायद्यात नांदतो आहे.

या कलमाला मर्यादाही आहेत. तो विकार अशा प्रकारचा व इतक्या प्रमाणात असला पाहिजे की, अर्जदाराने त्या व्यक्तीसोबत राहावे अशी अपेक्षा वाजवीपणे करता येणार नाही. छिन्नमनस्कतेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये हे स्पष्ट केले, की रोगाचे नाव पुरेसे नाही, त्याचे प्रमाण पाहिले पाहिजे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलात आला, आणि त्याने दोन तत्त्वे घालून दिली : समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक मूल्यांशी न जुळणे, एवढ्यावरून कोणालाही मनोरुग्ण ठरविता येणार नाही, आणि मानसिक आजाराचे निदान झाले, एवढ्याने ती व्यक्ती विकलमनस्क ठरत नाही. प्रिचर्डच्या संज्ञेपासून चालत आलेल्या घोटाळ्याला भारतीय विधिमंडळाने दिलेले हे उत्तर होय. याच कायद्याने रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी स्वतः निवडण्याचा अधिकार दिला. त्यामुळे कुटुंबाचे स्थान नात्यापेक्षाही रुग्णाच्या विश्वासावर अवलंबून राहिले.

६. उपसंहार

वैद्यकाचाही पूर्वग्रह मोडण्यास वेळ लागला. 'वैद्यांना न आवडणारे रुग्ण' अशा आशयाचे शीर्षक असलेला ल्यूइस व अ‍ॅपलबी यांचा अभ्यास १९८८ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. व्यक्तिमत्त्वविकाराचे निदान पूर्वी झाले आहे एवढे सांगताच रुग्णाविषयीचे वैद्यांचे मत प्रतिकूल होते, असे त्यांनी दाखविले. २००३ मध्ये इंग्लंडच्या शासकीय धोरणपत्रकाला, हे निदान उपचारातून वगळण्याचे कारण राहिलेले नाही, असे शीर्षकातच म्हणावे लागले. दरम्यान मेरी झनारिनी यांनी अमेरिकेत २९० बॉर्डरलाइन रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा चालविला होता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या निष्कर्षांत ९३ टक्के रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे ओसरलेली आढळली. नाती व कामधंदा यांसह पूर्ण सावरलेले मात्र ५० टक्केच होते. पहिला आकडा म्हणीला उत्तर देतो. दुसरा आकडा पुढील कामाची जाणीव देतो.

मराठी अभ्यासकांपुढे या इतिहासाने ठेवलेले काम शब्दांचे आहे. मराठीत 'व्यक्तिमत्त्वविकृती' आणि 'व्यक्तिमत्त्वविकार' असे दोन्ही शब्द चालतात. 'विकृत' या विशेषणाला व्यवहारात जो किळसवाणा अर्थ चिकटला आहे, तो पाहता 'विकृती' हा शब्द रुग्णाच्या कानी निवाड्यासारखा पडणार, हे उघड आहे. 'विकार' त्या मानाने निर्दोष आहे. 'मूल्यमापन' हा शब्दही तपासण्यासारखा आहे. व्यक्तिमत्त्वाचे मूल्यमापन म्हटले की माणसाची किंमत ठरविली जाणार, असेच ऐकू येते. 'परीक्षण' त्यापेक्षा बरा, परंतु त्यातही परीक्षेचा धाक आहेच. मराठीत 'विचारपूस' असा एक जुना शब्द आहे. विचारणे आणि पुसणे या समानार्थी क्रियापदांच्या जोडीतून तो बनला आहे, आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून, काळजीने व सवडीने केलेल्या चौकशीलाच तो शोभतो. शास्त्रीय परिभाषेत त्याला स्थान मिळेल वा न मिळेल. परंतु दोन शतकांच्या वाटचालीनंतर हे परीक्षण ज्या स्वरूपाला येऊन पोहोचले आहे, त्याचे वर्णन याहून यथार्थ शब्दाने करता येणे कठीण आहे.